एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ

सेमीसॉफ्ट लेन्स डोळ्यातून निसटली की ती कुठे शोधायची, याचे माझे काही नियम होते. आधी गालावरून बोट फिरवायचं, मग ओढणी बघायची, मग मांडी. तिथेही नसली तर पाय जागचा न हलवता ओरडायचं, "कुणी हलू नका!" रोह्याच्या ज्या रसायन कारखान्यात मी प्रयोगशाळेत नोकरीला होते, तिथे माझ्या या आरोळीची सगळ्यांना सवय झाली होती. दोघंतिघं हातातलं काम ठेवून खाली बसत आणि फरशीला गाल लावून उजेडाच्या दिशेने बघत. ती लेन्स शर्टाच्या बटणाहून लहान असते. उजेडात चमकली तर सापडते, नाहीतर कुणाच्या तरी बुटाखाली तिचा चुरा होतो.

"हिचे डोळे राहतील शाबूत, आपले गुडघे जातील," शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण म्हणायची. आणि बहुतेक वेळा लेन्स तिलाच सापडायची.

एकदा लेन्स सिंकमध्ये गेली. फिटरला बोलावून खालचा वाकडा पाइप उघडावा लागला. त्याने काळ्या गाळात बोट घालून लेन्स काढली, उजेडात धरली आणि विचारलं, "ताई, ही परत डोळ्यात घालणार?"

"मग काय टाकून देऊ?"

"घाला. पण मी जाईपर्यंत थांबा."

मी ती लेन्स औषधाने तीनदा चोळून धुतली आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यात घातली. काही झालं नाही. त्या वर्षांत अशा किती गोष्टी मी केल्या आणि काही झालं नाही! त्यामुळे काही होत नसतं असंच मला वाटू लागलं असावं.

आमचं गाव पेणजवळ, खाडीच्या काठावर. वडील मिठागरात काम करत. आई पावसाळ्यात भातलावणीला जायची आणि उन्हाळ्यात वडिलांबरोबर आगरात. आम्ही मुलं सुट्टीत तिथेच असायचो. मार्च-एप्रिलच्या उन्हात मिठाचं पांढरं आगर नुसतं बघितलं तरी डोळ्यांतून पाणी येतं. मग आम्ही डोळे चोळायचो. मनगटाने, मुठीने, जोर लावून. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लहानपणी डोळे फार चोळायचीस का?" तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या गावात कोण चोळत नाही?

पेणच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर दोनदा आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले की हिला कॉलेजला घाला. नाहीतर बारावीनंतर मी घरीच बसले असते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीचा कागद पाहिलेला नव्हता. माझी बीएस्सी झाली तेव्हा वडिलांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि आईला म्हणाले, "ठेव गो, ओल लागणार नाय अशा जागी." त्या सरांचे उपकार मी आजही मानते. पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माझ्या चष्म्याचा नंबर दर चार-सहा महिन्यांनी बदलत होता. नवा चष्मा केला तरी फळ्यावरच्या प्रत्येक अक्षराला दोन-दोन सावल्या दिसायच्या. पेणच्या चष्मेवाल्याने आधी सॉफ्ट लेन्स दिली. ती घालायला सोपी, डोळ्यात आहे हेही कळत नाही. पण दिसायला काडीचा फरक नाही. मुंबईला गेल्यावर डॉक्टरांनी कारण सांगितलं. डोळ्याच्या पुढचा काचेसारखा पडदा, कॉर्निया, निरोगी माणसाचा गोल असतो. माझा पातळ होऊन शंकूसारखा पुढे आला होता. ओलं फडकं कशावरही टाकलं की त्याचाच आकार घेतं, तशी सॉफ्ट लेन्स त्या शंकूचाच आकार घेते. म्हणून कडक लेन्स हवी. ती आपला आकार सोडत नाही. तिच्या आणि डोळ्याच्या मधल्या खाचा आपल्याच अश्रूंनी भरतात आणि डोळ्याला नवा, गोल पृष्ठभाग मिळतो. तिला दुकानदार सेमीसॉफ्ट म्हणतात. त्यात सॉफ्ट काय आहे हे मला कधीच कळलं नाही.

त्या लेन्सवर मी पदवी पूर्ण केली आणि नोकरी मिळवली. उजव्या डोळ्याचा शंकू जास्त वाढलेला होता, लेन्स लावूनही त्याने जेमतेमच दिसायचं. सगळी भिस्त डाव्यावर. प्रयोगशाळेत माझं मुख्य काम ब्युरेटवर असायचं. ब्युरेट म्हणजे रेघा आखलेली उभी, बारीक काचेची नळी. तिच्यातून एकेक थेंब सोडायचा, खालच्या द्रावणाचा रंग बदलला की थांबायचं आणि नळीतल्या पाण्याची खालची कड कोणत्या रेघेला टेकली आहे ते वाचायचं. एक रेघ चुकली तर अख्खी बॅच चुकीची पास होते. ती रेघ मला डाव्या डोळ्याने दिसत होती. तो डोळा म्हणजे माझी नोकरी, असं मी मनात सरळ समीकरण मांडलं होतं.

पण सेमीसॉफ्ट लेन्सचं माझं जमेना. कंपनीची बस पेणहून निघून नागोठण्यामार्गे रोह्याला जायची. तेव्हा महामार्गाचं काम सुरू होतं आणि ते संपता संपत नव्हतं. बसच्या खिडक्या बंद करूनही आत धूळ यायची. एखादा कण लेन्सखाली गेला की डोळ्यात कुणी टाचणी फिरवतंय असं वाटायचं. लेन्स सगळी त्या शंकूच्या टोकावर टेकलेली. दुपारी तीनपर्यंत डोळे लाल. साहेब विचारायचे, "रडलीस का?" मी म्हणायचे, "नाही सर, नागोठणं." पुढे उजव्या डोळ्यावर घासून घासून जखम झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की या लेन्स आता बंद. एकतर शस्त्रक्रिया, नाहीतर स्क्लेरल लेन्स.

स्क्लेरल लेन्स मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं की हे काहीतरी दाखवायचं मॉडेल आहे. कुर्त्याच्या मोठ्या बटणाएवढी, वाटीसारखी खोल. लेन्स बसवून देणाऱ्या बाई मुंबईच्या दवाखान्यात होत्या. वयाने माझ्या आईएवढ्या, आवाज मात्र शाळेतल्या पीटीच्या बाईंसारखा.

"एवढी मोठी डोळ्यात जाईल?" मी विचारलं.

"जाते. बुबुळाला ती शिवतच नाही. वरून कमान टाकते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. तिथे दुखत नाही. मधल्या जागेत सलाईन भरायचं. तुझा कॉर्निया दिवसभर पाण्यात राहील, माशासारखा."

त्यांनी टेबलावर आरसा आडवा ठेवला. मी मान खाली घालून, हनुवटी छातीला लावून त्यात बघायचं. रबराच्या छोट्या दांडीवर लेन्स ठेवायची, काठोकाठ सलाईन भरायचं, दोन्ही पापण्या बोटांनी ताणायच्या आणि पाणी न सांडता ती वाटी खालून वर डोळ्याला लावायची. आत हवेचा बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा. पहिल्या दिवशी माझे सतरा प्रयत्न फुकट गेले. माझा कुर्ता गळ्यापासून मांडीपर्यंत भिजला.

"कुठून आलीस?" बाईंनी मध्येच विचारलं.

"पेण. घरचे मिठागरात आहेत."

"मग मिठाच्या पाण्याला काय घाबरतेस?"

अठराव्या वेळी लेन्स बसली. बाईंनी समोरचा अक्षरांचा तक्ता लावला. डाव्या डोळ्याने मी शेवटची ओळ वाचली. शेवटची ओळ असते हे मला ऐकून माहीत होतं. उजव्यानेसुद्धा पाच ओळी वाचल्या. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तेव्हा ओरडल्या, "अगं वाकू नकोस, खाली बघू नकोस, नवीन आहे अजून!"

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. पेणच्या अलीकडे मला समोरच्या दुकानावरचा मोबाइल नंबर वाचता आला. शेतात भाताचं एकेक पातं वेगळं दिसत होतं. धूळ होतीच, पण ती डोळ्याबाहेर होती. घरी आल्यावर मी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "आई, तुझ्या भुवईत पांढरा केस आहे."

"एवढे पैसे घालून हेच बघून आलीस काय गो?" ती म्हणाली.

कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याने वरून बंद गॉगल घालायच्या अटीवर परवानगी दिली. कुणाला गुडघ्यांवर बसावं लागेना. मैत्रिणीला करमेना. "पूर्वी निदान दिवसातून एकदा व्यायाम व्हायचा," ती म्हणाली. दोन प्रकारच्या लेन्समधला फरक मला कुणी विचारला असता तर मी त्या वेळी एवढंच सांगितलं असतं, की पहिली डोळ्यात असताना मी दिवसभर डोळ्याचाच विचार करत होते आणि दुसरी असताना कामाचा.

मात्र पहिली लेन्स पडली तर पडली, तुटली तर तुटली. ती माझ्याकडून वेगळं काही मागत नव्हती. दुसरी रोज पाणी मागत होती.

बाईंनी बजावून सांगितलं होतं. सलाईन फक्त सीलबंद छोट्या नळ्यांमधलं, औषध न मिसळलेलं. एक नळी फोडायची, दोन्ही लेन्स भरायच्या, उरलेलं ओतून द्यायचं. साठवायचं नाही. दुपारी लेन्समागचं पाणी गढूळ होऊन धुकं आल्यासारखं वाटलं तर लेन्स काढून पुन्हा नवी नळी. मी वहीत लिहून घेतलं होतं.

त्या नळ्या पेणला मिळत नव्हत्या. रोह्याच्या मेडिकलवाल्याकडे गेले तर त्याने विचारलं, "सलाईन? पेशंट कुठे ॲडमिट आहे?"

"मीच आहे. डोळ्यात घालायचंय."

त्याने दुकानातल्या पोऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, बाटली आहे अर्ध्या लिटरची. शिरेतून लावायची. डोळ्यात लावायची आपल्याकडे येत नाही."

मग मुंबईहून मागवायच्या. कुरियर कधी चार दिवसांनी, कधी दहा दिवसांनी. पावसाळ्यात त्याचाही भरवसा नाही. पण खरं सांगायचं तर त्या नळ्या मिळत नव्हत्या हे अर्धंच कारण. रोज सकाळी निम्म्याहून जास्त भरलेली नळी मोरीत रिकामी करताना माझा हात अडखळायचा. आमच्या खारेपाटात, या खाडीकाठच्या पट्ट्यात, चहूकडे खारं पाणी, पण प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघावी लागते. आईने आम्हाला तांदूळ धुतलेलं पाणी भाज्यांना, भाजी धुतलेलं पाणी झाडाला असं शिकवलेलं. आणि हे तर मिठाचं पाणी. आमच्या घराच्या पाठीमागे पोत्यांनी मीठ होतं. लोक ते मातीमोल भावाने उचलून नेत, आणि मी चार चमचे मिठाचं पाणी मुंबईहून कुरियरने मागवत होते.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. सलाईनमध्ये काय असतं हे मला पाठ होतं. एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. दुसरं काही नाही.

प्रयोगशाळेत सोडियम क्लोराइडची बरणी होतीच. पण ती कंपनीची, तिला हात लावणं मला पटलं नाही. डिस्टिल्ड वॉटरसाठी मात्र मी साहेबांना रीतसर विचारलं.

"गाडी घेतलीस की काय?" ते म्हणाले. "बॅटरीत घालायला?"

"नाही सर, घरी थोडं लागतं."

"ने की. रोज वाहूनच जातंय."

वडिलांना मी सांगितलं की मला थोडं चांगलं मीठ हवंय, डोळ्याच्या लेन्ससाठी. दुसऱ्या दिवशी ते आगरातून वरच्या थरातलं, पांढरंशुभ्र, मोठ्या खड्यांचं मीठ एका नव्या रुमालात बांधून घेऊन आले. मी ते विरघळवलं, फिल्टर पेपरमधून गाळलं, आटवलं, पुन्हा विरघळवलं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसारखं. फिल्टर पेपरवर तांबूस गाळ राहिला तो वडिलांनी बोटाने चाचपून पाहिला.

"एवढी माती हाय आपल्या मिठात?"

"सगळ्यांच्याच मिठात असते बाबा. ही निघाली की आपलं मीठ आणि कंपनीचं मीठ एकच."

"एकच?"

"अगदी एकच."

ते त्या दिवशी शेजारी जाऊन सांगून आले. आपल्या आगरातलं मीठ पोरीच्या लेन्सला चालतं, मुंबईच्या डॉक्टरची लेन्स. शेजारचे काका मुद्दाम बघायला आले. "म्हणजे आता भाव वाढवा तुमचा," ते म्हणाले. वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी प्रयोगशाळेच्या काट्यावर मीठ तोलून नऊ-नऊ ग्रॅमच्या पुड्या बांधल्या. एक पुडी, एक लिटर पाणी. उकळायचं, निववायचं, प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवायचं. आठवडाभर पुरायचं. बाटली मी सुरुवातीला दर वेळी उकळत होते. नंतर गरम पाण्याने विसळत होते. त्यानंतर नुसतीच विसळत होते.

आई पहिल्या दिवशी चुलीपाशी उभी होती. तिने विचारलं, "पन त्या बाईनं नको सांगितलेलं ना गो? साठवू नको म्हनून?"

"आई, मी बीएस्सी आहे," मी म्हणाले.

तिने पुन्हा कधी विचारलं नाही. आमच्या घरात माझ्या बोलण्यावर पुढे बोलायची पद्धत नव्हती. लाइटबिल, रेशनकार्ड, दवाखान्याचे कागद, सगळ्यांत शेवटचा शब्द माझा. त्यांनीच मला शिकवलं होतं आणि त्यांनीच मग माझं ऐकायचं ठरवलं होतं.

चार महिने सगळं व्यवस्थित चाललं. उलट माझ्या मनात असं यायचं की त्या दवाखान्यातल्या बाईंना सांगावं, इतर पेशंटनाही उपयोग होईल. त्यासाठी मी एक कागदही लिहून ठेवला होता, व्यवस्थित, साहित्य आणि कृती अशी. देवाची कृपा की तो मी कुणाला दिला नाही.

श्रावण संपताना डावा डोळा दुखायला लागला. आधी नुसता लाल. दुसऱ्या दिवशी उजेड सहन होईना. त्याच आठवड्यात कंपनीत बाहेरून तपासणीचे लोक येणार होते आणि लेन्स काढून मी काम करू शकत नव्हते. म्हणून दोन दिवस मी तशीच लेन्स घालत राहिले. त्याच बाटलीतलं पाणी भरून. दुखतंय म्हणून उलट दिवसातून दोनदा काढून नवं पाणी भरत राहिले.

पेणच्या डॉक्टरांना डोळे आल्यासारखं वाटलं. त्यांनी थेंब दिले. आठ दिवसांनी दुखणं असं झालं की डोक्याची अर्धी बाजू कुणी ठेचतंय. वडिलांनी मला मुंबईला नेलं. एसटीत मी पूर्ण वेळ त्यांच्या टॉवेलखाली तोंड झाकून होते.

मोठ्या डॉक्टरांनी डोळा तपासला, वरचा थर खरवडून काचेच्या पट्टीवर घेतला. मग विचारलं, "लेन्समध्ये पाणी कुठलं भरत होतीस?"

मी सगळं सांगितलं. डिस्टिल्ड वॉटर, गाळलेलं मीठ, नऊ ग्रॅम, उकळलेलं. सांगताना माझ्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता, मला तो स्वतःला ऐकू आला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शिक्षण काय तुझं?"

"बीएस्सी. केमिस्ट्री."

ते रागावले नाहीत. थकलेल्या माणसासारखे म्हणाले, "न शिकलेली बाई असती तर तिने सांगितलेल्या नळ्याच वापरल्या असत्या."

वडील बाजूलाच उभे होते. त्यांनी हे ऐकलं.

शुद्ध पाणी आणि निर्जंतुक पाणी यांतला फरक मला माहीत नव्हता असं नाही. परीक्षेत आला असता तर मी पूर्ण गुणांचं उत्तर लिहिलं असतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये क्षार नसतात, पण उघड्यावर साठवलं तर जंतू असू शकतात. उकळलं तरी निवताना, ओतताना, विसळलेल्या बाटलीत आठ दिवस उभं राहताना ते पुन्हा येतात. पापणीच्या आड, लेन्सच्या वाटीत, उबेत, रोज दहा-बारा तास मी ते कॉर्नियाला लावून ठेवत होते. तपासणीत पाण्यात राहणारा एक सूक्ष्म जीव निघाला. डोळ्यात गेला तर सहजासहजी निघत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सेमीसॉफ्ट लेन्सखाली एवढं पाणी कधी साठलंच नसतं. तिच्यात मी हीच चूक केली असती तर कदाचित वाचले असते. ज्या पाण्यामुळे स्क्लेरल लेन्स सुखाची होती, त्याच पाण्यात मी हे केलं.

दर तासाला थेंब, असे कित्येक आठवडे. नंतर दर दोन तासांनी, नंतर चार. आईने भातकापणी सोडली. तिला घड्याळ नीट वाचता येत नाही, म्हणून तिने मोबाइलचा गजर लावायला शेजारच्या सुनेकडून शिकून घेतलं. गजर झाला की रात्रीसुद्धा ती उठून थेंब घालायची. पण त्या काळात तिने मला एकदाही विचारलं नाही की कशामुळे झालं. मी वाट बघत होते. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, तू म्हणाली होतीस. तिने ते सांगायची संधीच मला दिली नाही.

आठ महिन्यांनी डोळ्याची लाली गेली, पांढरा भाग पुन्हा शुभ्र झाला. नुसतं बघितलं तर कुणी म्हणेल बरा झाला. फक्त मधोमध दुधाच्या थेंबाएवढा डाग. त्या लेन्सवाल्या बाईंनी पुन्हा एकदा लेन्स लावून बघितली. या वेळी त्यांनी स्वतःच भरली, स्वतःच घातली.

"बसली छान," त्या म्हणाल्या. मग तक्ता लावला. मी बघत राहिले. बाई थांबल्या. सगळ्यात वरचं मोठं अक्षर आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "काहीतरी उजेड आहे." लेन्स वाकडा पृष्ठभाग सरळ करते. डाग ती पुसू शकत नाही. कॉर्निया बदलायचा का, तर डॉक्टर म्हणतात अजून नको. हा जीव कुठे दडून बसला असेल तर नव्या कॉर्नियालाही लागेल. थांबू. किती, ते सांगत नाहीत.

कारखान्यात मी परत गेले तेव्हा साहेबांनी मला ब्युरेटसमोर बसवलं. त्यांना माझी परीक्षा घ्यायची नव्हती, माझी नजर मला स्वतःलाच कळावी एवढंच. मी मान तिरकी करून उजव्या डोळ्याने रेघ शोधली आणि आकडा सांगितला. त्यांनी पुन्हा बघायला सांगितलं. मी वेगळा आकडा सांगितला. मैत्रीण पाठमोरी होऊन काचेची भांडी धूत राहिली, धुतलेलीच. साहेबांनी वर जाऊन भांडून मला स्टोअरमध्ये जागा मिळवून दिली. तिथे पिंपांवरची लेबलं मोठ्या अक्षरांत असतात. मी त्यांची मनापासून आभारी आहे. पण सकाळी बसमधून उतरले की पाय आपोआप प्रयोगशाळेच्या दाराकडे वळतात आणि मग मला त्यांना परत फिरवावं लागतं. उजव्या डोळ्याचा शंकू अजून थोडा वाढलाय. त्याच्या लेन्समध्ये रोज सीलबंद नळीतलं पाणी भरते आणि उरलेलं मोरीत ओतते. आता काही वाटत नाही.

वडिलांनी त्या वर्षी आगराचं काम सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले. मी खरं मानलं, कारण गुडघे खरंच दुखत होते. मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी ते ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "एक विचारू? मीठ वाईट होतं काय?"

"नाय बाबा. मीठ चांगलं होतं."

"मग पानी?"

"पाणीपण चांगलं होतं."

"मग?"

डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं होतं. तरी ते माझ्या तोंडून दुसरं काहीतरी ऐकायला आले होते आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"मग आता दिसतं किती ते तरी सांग," ते म्हणाले. त्यांनी एका तळव्याने माझा उजवा डोळा झाकला आणि दुसरा हात समोर धरला. "किती बोटं?"

"हात दिसतोय."

"बोटं विचारतोय मी."

"हात दिसतोय, बाबा."

त्यांनी हात जवळ आणला. "आता?" मी मान हलवली. अजून जवळ. "आता?" उजेडात काहीतरी गडद होत गेलं, एवढंच. ते थांबेनात. शेवटी त्यांची बोटं माझ्या पापणीला लागली, खरखरीत, आणि मी ती मोजली.

"तीन," मी म्हणाले.

"बरोबर," ते म्हणाले.